केगमधून नुसता फेस येतोय, शनिवारच्या आत उपाय हवा (नाशिक)

गंगापूररोडकर:
घरी केलेली बिअर केगमध्ये (स्टीलच्या पिंपात) भरून सिलिंडरमधून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देतोय. ग्लासात पाऊण भाग फेस आणि खाली पाणचट बिअर. फेस बसेपर्यंत थांबून प्यायलं तर गॅस अजिबात लागत नाही. प्रेशर २ वर ठेवलंय, गुरुवारपासून गॅस चालू आहे, केग फ्रीजमध्ये. साबणाचं पाणी लावून बघितलं, गळती कुठेच नाही. शनिवारी संध्याकाळी गिरणाऱ्याच्या पुढे मळ्यावर मित्रमंडळी जमणार आहे. अजून दोन केग भरलेले आहेत, ते फ्रीजमध्ये मावत नाहीत म्हणून बाहेरच आहेत. त्यांचंही सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्या. लवकर सांगा.

सिडको_७८:
गॅस लागत नाही म्हणजे प्रेशर कमी पडतंय. वाढवा. मी ३ वर ठेवतो, कधी अडचण आली नाही.

बार्लीवाली:
कृपा करून आत्ता काही वाढवू नका. आधी सांगा, २ म्हणजे २ काय? पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), बार की किलो? रेग्युलेटर कुठला? नळी किती लांब आणि आतून किती मिलिमीटर? नळ कसला? आणि बिअरचं तापमान थर्मामीटरने ग्लासात मोजलंत की फ्रीजचा आकडा वाचलात?

गंगापूररोडकर:
रेग्युलेटर अंबडमधून घेतला, सीओटूचाच आहे. फ्रीज ४ दाखवतो. नळ तो प्लॅस्टिकचा, अंगठ्याने दाबायचा. नळी साधीच आहे.

जिल्हाभर:
विषय निघालाच आहे तर सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. विकायची नसली, घरापुरती असली तरीही. शिवाय बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. मळ्यावर कोण कोण येणार ते बघा.

बार्लीवाली:
@जिल्हाभर, बरोबर आहे आणि ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण विचारलंय ते गॅसचं.

@गंगापूररोडकर, साधी म्हणजे किती? आणि अंबडचा रेग्युलेटर म्हणजे वेल्डिंगचा असणार. त्याच्या काट्यावर काय छापलंय ते वाचून जसंच्या तसं लिहा.

सोडावाला_पंचवटी:
आमच्या घरी आजोबांपासून सोड्याचं काम आहे, म्हणून लिहितो. गॅस थंडीत मुरतो, गरम पाण्यात कितीही दाबा, बाटली उघडली की उडून जातो. आमच्याकडे पाणी आधी चांगलं गार करतात आणि मगच गॅस देतात. केग रात्रभर बर्फात ठेवा, गॅस लावा, आडवा करून मांडीवर पाच-दहा मिनिटं झोके द्या. गॅस आत जाताना सूं आवाज येतो, तो मंदावला की झालं. आठवडाभर वाट बघायची काहीच गरज नाही.

बार्लीवाली:
सोड्याला चालतं दादा, बिअरला जपून. पाण्यात प्रथिनं नसतात, बिअरमध्ये असतात. हलवलेला केग लगेच उघडला तर नुसता फेस. आणि हलवताना गॅस किती मुरला याचा अंदाज राहत नाही, प्रमाणाबाहेर गेला की तो काढत बसावं लागतं. ४ अंशाला १२ पीएसआयवर लावून दीड-दोन आठवडे सोडून द्या, बरोबर अडीच व्हॉल्यूमला (बिअरच्या अडीच पट आकारमानाचा गॅस) येऊन थांबतो. चुकायला जागाच नाही.

सोडावाला_पंचवटी:
ताई, त्यांच्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे. दोन आठवडे कुठून आणणार?

द्राक्षबाग_दिंडोरी:
नाशिकमध्ये राहून बिअरचा एवढा खटाटोप कशाला? चेनिन ब्लाँक द्राक्षांची वाइन करा. ना गॅस, ना केग, ना रेग्युलेटर.

सिडको_७८:
मे महिन्यात चेनिन कुठे मिळणार? वाइनच्या द्राक्षांची तोड मार्चअखेर उरकते. शनिवारी लोक येणारेत भो.

गंगापूररोडकर:
काट्यावर kg/cm² लिहिलंय, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर. नळी हार्डवेअरच्या दुकानातली, आतून ८ मिमी, साधारण हातभर. ग्लासात थर्मामीटर ९ दाखवतोय.

बार्लीवाली:
मग सगळं त्यातच आहे. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. २ किलो म्हणजे २८. गुरुवारपासून ४ अंशाच्या आसपास २८ वर असलेली बिअर चार व्हॉल्यूमकडे निघालीय, हवे होते अडीच. तुमच्या बिअरमध्ये गॅस जास्त झालाय. नळाशी प्रेशर एकदम पडतं, सगळा गॅस तिथेच सुटून फेस होतो, आणि ग्लासात उरते ती गॅस गेलेली बिअर. म्हणून ती पाणचट लागते.

त्यात ती ८ मिमीची हातभर नळी. नळीनेच घर्षण करून प्रेशर खायचं असतं, म्हणजे बिअर नळापर्यंत संथ येते. ४-५ मिमीची, अडीच-तीन मीटर लांब नळी लागते. आरओच्या फिल्टरला जी पांढरी पाव इंची नळी असते ती आतून साधारण तेवढीच असते आणि फूड ग्रेड असते. आरओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते, पुश-फिट जॉइंटसकट. वेटोळं करून केगच्या डोक्यावर फ्रीजमध्येच ठेवा. नळी बाहेर तापली की पहिला ग्लास फेसाचाच येणार. ते ९ अंश त्यामुळेच असावेत.

आज रात्री गॅसचा कनेक्टर काढा. झाकणावरची रिंग हळू ओढून गॅस सोडा, दोन-तीन तासांनी पुन्हा, उद्या दिवसभर असंच. मग ०.८ किलोवर लावा आणि शुक्रवारपर्यंत हात लावू नका.

उंचावरून:
एक भर घालतो. प्रेशरचे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे तक्त्यात दिसेल त्यापेक्षा अंदाजे १ पीएसआय जास्त लावावा लागतो. म्हणजे १२ ऐवजी १३, किलोमध्ये ०.९.

सिडको_७८:
सिलिंडर तपासलात का? अंबड-सातपूरला वेल्डिंगवाले आर्गॉन मिसळलेला गॅसही देतात. तो लावला तर आर्गॉन बिअरमध्ये फारसा मुरणार नाही, काट्यावर मात्र प्रेशर दिसत राहील.

सोडावाला_पंचवटी:
हे महत्त्वाचं. निव्वळ सीओटू आणि तोही खाण्यापिण्याच्या दर्जाचा मागा. सोडा फाउंटनला गॅस पुरवणारे असतात, त्यांच्याकडून भरून घ्या. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा पडला तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि आतलं रबर जातं. आणि सिलिंडर संपत आला की नाही ते मोठ्या काट्यावर बघू नका. उन्हाळ्यात ३१ अंशाच्या वर आतला द्रव द्रवच राहत नाही, तो काटा फसवतो. वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं असतं.

बार्लीवाली:
शंभर टक्के सहमत. १९ लिटरच्या एका केगला ६० ते १०० ग्रॅम गॅस पुरतो. यापेक्षा बराच जास्त कमी झाला तर साबणाचं पाणी काहीही म्हणो, गळती आहे.

जुना_नाशिककर:
सोडावाले, गोटीच्या बाटल्या अजून वापरता का? हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. आतल्या गॅसनेच गोटी तोंडाशी दाबून बसते, वेगळं झाकण लागत नाही. मेन रोडला लिंबू सोडा प्यायचो तेव्हा अंगठ्याने गोटी खाली ढकलायची आणि ती मानेतल्या खाचेत अडकवून धरायची, नाहीतर ओतताना परत तोंडाशी यायची.

सोडावाला_पंचवटी:
थोड्या आहेत काका. काच जाड असली तरी भरताना जाळीच्या आड भरतो. या कधी.

गंगापूररोडकर:
नळी मिळाली, लावतो. बाकीच्या दोन केगचं कोणीच सांगितलं नाही. एक शनिवारी लागेल, दुसरा जूनमध्ये चालेल. खोलीत ३४ अंश आहे.

बार्लीवाली:
दोन्हींमध्ये वर राहिलेली हवा आधी काढा. गॅस लावा, रिंग ओढून सोडा, असं सात-आठ वेळा. ऑक्सिजन राहिला तर ३४ अंशात बिअर आठवडाभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. मग २ किलोचा दाब देऊन झाकण घट्ट बसवा, नुसत्या क्लॅम्पवर ते नीट सील होत नाही.

जूनच्या केगमध्ये हवा काढायच्या आधी १०० ग्रॅमच्या आसपास साखर पाण्यात उकळून, गार करून घाला. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. यीस्ट दोन आठवड्यांत गॅस तयार करेल आणि सिलिंडरचा खर्च वाचेल. थोडं कमी-जास्त झालं तर नंतर गॅसने सांभाळता येतं.

शनिवारच्या केगला इतका वेळ नाही. पहिला केग ०.९ वर स्थिरावला की त्याला बर्फाच्या टबात हलवा आणि दुसरा फ्रीजमध्ये घ्या. पूर्ण गार झाल्यावर २ किलोवर २४ तास, मग ०.९ वर. हलवायचा नाही.

सोडावाला_पंचवटी:
थोडा हलवला तर चालेल.

बार्लीवाली:
नाही. गिरणाऱ्याच्या रस्त्याने तो तसाही हलणार आहे. दुपारीच नेऊन ठेवा, टबात मिठाचा बर्फ घाला, किमान तीन तास उभा राहू द्या. वाटताना दाब ०.५ वर आणा. सिलिंडर गाडीच्या बंद डिकीत नेऊ नका, काच उघडी ठेवून सीटशी बांधून न्या.

गंगापूररोडकर:
पहिल्या केगचा गॅस सोडतोय. रिंग ओढली की झाकणातून फेस वर येतोय, तसंच चालू ठेवू?

बार्लीवाली:
केग गळ्यापर्यंत भरलाय. रिंग अर्धा सेकंदच ओढा, फेस दिसला की सोडा, मधली वेळ वाढवा. आधी ग्लासभर बिअर काढून वर जागा केलीत तर सोपं जाईल.

द्राक्षबाग_दिंडोरी:
जांभळाची वाइन केगमध्ये ठेवता येते का? जूनमध्ये जांभळं येतील. आम्लाने स्टीलला काही होतं का, कोणी ठेवून बघितलंय?