निर्वासित, शरणार्थी की विस्थापित?

प्रश्न:
ऑक्सफर्ड विद्यापीठात 'रेफ्युजी अँड फोर्स्ड मायग्रेशन स्टडीज' अशी एक पदव्युत्तर पदवी आहे. तिची माहिती मराठीत करते आहे आणि नावातच अडकले. 'शरणार्थी' लिहू की 'निर्वासित'? 'फोर्स्ड मायग्रेशन'ला सरळ 'विस्थापन' म्हणून मोकळं व्हावं का? शिवाय 'राइट्स-बेस्ड' पानोपानी येतं. 'अधिकाराधिष्ठित' लिहिलं तर वाचणारा तिथेच ठेचकाळेल.

उत्तर:
'निर्वासित'च लिहा. 'शरणार्थी'तला 'अर्थी' म्हणजे मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो तसा हा शरण मागतो, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर आला. 'निर्वासित' हे धातुसाधित आहे. याचं घर सुटलं, ते घडून गेलं, आता कोणी मानो न मानो. कायद्याची रीतही हीच आहे. १९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटात असणं किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या मार्गदर्शिकेत तर स्पष्टच म्हटलंय की मान्यता मिळाल्यामुळे कोणी निर्वासित होत नाही. तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता द्यायची.

ता. क. 'साधार भीती'तला 'साधार' गाळू नका. सगळे खटले त्या एका शब्दावर चालतात.

उत्तर:
वरच्यांशी निम्मा सहमत. हिंदीत 'निर्वासित' म्हणजे हद्दपार केलेला, तेव्हा मूळ अर्थात कोणीतरी बाहेर काढणारा आहेच. इथे पुष्कळांना कोणी दाराबाहेर ढकललेलं नसतं, पुढचं ओळखून ते स्वतः रातोरात निघालेले असतात. तरी मराठीत शब्द रुळलाय, त्याला हरकत नाही. पण 'अर्थी'ला हाकलू नका, त्याची जागा वेगळी आहे. ज्याचा अर्ज दाखल झालाय आणि निकाल लागायचाय, त्याला इंग्रजीत 'असायलम सीकर' म्हणतात. तो 'आश्रयार्थी'. तो खरंच मागतो आहे, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १४ वं कलम आश्रय मागण्याचा आणि मिळाला तर तो उपभोगण्याचा हक्क देतं. आश्रय मिळेलच असं मात्र ते कलम म्हणत नाही.

'परागंदा' कुठे वापरू नका. फारसीत त्याचा अर्थ नुसता 'विखुरलेला', पण मराठीत त्याला गुन्हा करून पळाल्याचा वास लागलाय.

उत्तर:
'फोर्स्ड मायग्रेशन' म्हणजे 'सक्तीचे स्थलांतर'. त्याला 'विस्थापन' म्हणालात तर पुढे अडचण होईल, कारण 'विस्थापित' हा शब्द तुम्हाला दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावा लागेल. जे घरदार सोडून पळाले पण ज्यांनी देशाची सीमा ओलांडली नाही, त्यांच्याविषयी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ते 'देशांतर्गत विस्थापित'. युद्ध, हिंसाचार, हक्कांची पायमल्ली आणि पूर-भूकंपासारख्या आपत्ती, अशी सगळी कारणं त्यात येतात. १९५१ च्या व्याख्येत आपत्ती नाही.

आणि मुद्रितशोधन डोळ्यांत तेल घालून करा. 'देशांतर' म्हणजे दुसरा देश, 'देशांतर्गत' म्हणजे देशाच्या आत. मी एका अहवालात 'देशांतरित विस्थापित' छापून आलेलं पाहिलंय. एका अक्षरात माणसं सीमेपलीकडे गेली! देशांतर्गत विस्थापितांचं नागरिकत्व शाबूत असतं आणि त्यांची जबाबदारी त्यांच्याच सरकारवर असते, हा सगळा मुद्दा त्या अक्षरात बुडाला.

'स्थलांतरित'ही जपून. फाइल स्थलांतरित होते, कार्यालय स्थलांतरित होतं. माणूस आपणहून गेला असेल तर 'स्थलांतर करणारा' बरं.

उत्तर:
'राइट्स-बेस्ड'साठी 'हक्काधारित', नाहीतर वाक्य मोडून 'हक्काच्या भूमिकेतून'. मराठीत 'अधिकार' म्हटलं की आधी अधिकारी डोळ्यांपुढे येतो, खुर्चीतला. 'हक्क' मात्र मागणाऱ्याच्या बाजूने उभा असतो. हक्काने मागणं आणि पदर पसरणं यात जे अंतर आहे, तेच या विद्याशाखेचं भांडण आहे. बार्बरा हॅरेल-बाँड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निर्वासितांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. तेव्हाच्या सुदानच्या दक्षिण भागात आलेल्या युगांडाच्या निर्वासितांमध्ये त्यांनी काम केलं, आणि मदत वाटणारे लोक निर्वासितांना असहाय समजून वागवतात, हा त्यांचा राग होता. पुढे कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातही त्यांनी असं काम उभं केलं आणि निर्वासितांना कायदेशीर मदत मिळावी म्हणून झटल्या. तेव्हा तुमच्या मजकुरात 'लाभार्थी' आला असेल तर आधी तो काढा. तिथेही 'अर्थी' आहेच.

प्रश्नकर्ती:
आभार. 'लाभार्थी' सात ठिकाणी निघाला! नाव 'निर्वासित आणि सक्तीचे स्थलांतर अभ्यास' असं ठेवते. एक राहिलं. १९५१ च्या कराराचं ३३ वं कलम, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत धाडू नये, हे तत्त्व. मी 'अ-परतपाठवणी' केलंय आणि माझं मलाच वाचवत नाही.

उत्तर:
नकोच ते. 'धोक्यात परत न धाडण्याचे तत्त्व'. लांब आहे, पण पहिल्या वाचनात कळतं. 'धोक्यात' गाळलंत तर मात्र कोणालाच कधीच परत पाठवायचं नाही असा अर्थ होईल, आणि कलम तसं म्हणत नाही.