३० जानेवारीचं मौन: घंटा कधी, झेंडा कुठं?

मोहफूल (चिमूर तालुका)
हुतात्मा दिनाला जिल्हा परिषद शाळा आणि ग्रामपंचायतीनं मिळून मौन पाळायचं ठरलं आहे. सायरन नाही, शाळेची घंटा आणि ग्रामपंचायतीचा भोंगा आहे. मौन केव्हा सुरू झालं न् केव्हा संपलं, हे सगळ्यांना कसं कळवायचं? आणि झेंडा अर्ध्यावर आणायचा का?

पऱ्हाटी
मौन ११ वाजता, दोन मिनिटं. सायरन असतो तिथं तो १०.५९ ला सुरू होऊन ११ ला थांबतो, मग ११.०२ ते ११.०३ पुन्हा वाजतो. म्हणजे आवाज थांबला की मौन सुरू. घंटेनंही तसंच करा: मिनिटभर सलग बडवायची, त्यात सगळ्यांनी उभं राहायचं, मग एकदम बंद. एकच टोला दिला तर तो सुरुवातीचा की शेवटचा, हे मागच्या रांगेला समजत नाही आणि पोरं अर्ध्यातच हलतात.

घंटेवाल्यानं वेळ मोबाइलवर पाहावी, भिंतीवरचं घड्याळ हमखास मागंपुढं असतं. भोंग्यावर १०.५५ ला एकदा सांगा आणि माइक बंद करा, नाहीतर खोकला गावभर ऐकू जातो. पिठाच्या गिरणीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

वैनगंगाकाठ
झेंडा आपल्या मनानं अर्ध्यावर आणू नका भाऊ, त्यासाठी शासनाचा आदेश लागतो. दुखवटा जाहीर झालाच तर आधी झेंडा टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊनच खाली घ्यायचा. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथंच, थेट अर्ध्यावरच बांधून मोकळे होतात.

देशोदेशीची रीत वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला, अँझॅक दिनाला (युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस), झेंडा दुपारी १२ पर्यंत अर्ध्यावर असतो, नंतर पूर्ण वर जातो. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ११ नोव्हेंबरला ११ वाजता दोन मिनिटं मौन असतं, १९१९ पासून. हिरोशिमात ६ ऑगस्टला सकाळी ८.१५ ला, बॉम्ब पडला त्याच वेळेला, घंटा वाजते. वेळ ठरलेली असते म्हणूनच अख्खं शहर एकदम थांबतं.

पऱ्हाटी
आणखी एक. २०२७ ला ३० जानेवारी शनिवारी येते. सकाळची शाळा ११ च्या आधी सुटत असेल तर पोरं घरी गेलेली असतील. वेळापत्रक आत्ताच बदलून घ्या, मौन मात्र ११ लाच ठेवा.

मोहफूल
समजलं. १६ ऑगस्टला चिमूरच्या शहिदांसाठीही हीच पद्धत चालेल का?

वैनगंगाकाठ
चालेल, आणि पाळाच. १६ ऑगस्ट १९४२, ‘चले जाव’ आंदोलनातला नागपंचमीचा दिवस होता तो. फक्त पावसाळ्याचं ध्यानात ठेवा: पटांगणात चिखल असला तर व्हरांड्यात उभं करा, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असला तर घंटा ऐकू जात नाही, म्हणून प्रत्येक वर्गाच्या दारात एक मोठा मुलगा उभा करून हातानं खूण करायला सांगा.