देवाच्या इच्छेवर सोपवणे आणि हात झटकणे, यांतला फरक कसा ओळखावा?

अबोली :

नमस्कार. हे लिहावे की लिहू नये, या विचारात बरेच दिवस गेले. घरातल्या माणसांशी बोलता येत नाही म्हणून अखेर इथे विचारते आहे.

दीड वर्षापूर्वी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. तिची उजवी बाजू अजून पुरती सावरलेली नाही आणि बोलतानाही ती अडखळते. ती माझ्याकडेच असते. धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला, त्याची नोकरी सुटली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या दारात पैसे मागणारे कोणीतरी उभे राहते. आतापर्यंत तीन वेळा मी त्याचे कर्ज फेडले आहे. माझे यजमान याविषयी काही बोलत नाहीत, गप्प असतात.

पूर्वी मी देवाचे नाव येता-जाता घेत असे. गेल्या वर्षापासून मात्र पहाटे पाच वाजता अर्धा तास शांत बसते. सुरुवातीला मी मागत असे: आईचा हात हलू दे, भावाची दारू सुटू दे. आईची बोटे थोडी हलू लागली, भावाचे काहीच बदलले नाही. मग मागणे हळूहळू थांबले आणि आता मी एवढेच म्हणते की तुझी जी इच्छा असेल ते होऊ दे. त्याने मन हलके होते, हे खरे आहे.

मात्र गेल्या महिन्यात एका रात्री भावजयीचा फोन वाजत होता. मी नाव पाहिले, फोन पालथा ठेवला, 'देव बघून घेईल' असे मनाशी म्हटले आणि झोपले. सकाळी पाहिले तर सात मिस्ड कॉल होते. भाऊ जिन्यात पडला होता आणि ती एकटी त्याला उचलायचा प्रयत्न करत होती. सुदैवाने फार काही झाले नाही, पण तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. त्या रात्री मी देवावर भरवसा ठेवला होता, की माझ्या कंटाळ्यावर देवाच्या नावाचे पांघरूण घातले होते?

आणखी एक गोष्ट. भेटायला येणारे नातेवाईक 'देवाची इच्छा, दुसरे काय' असे म्हणतात तेव्हा मला भयंकर राग येतो. वास्तविक तेच वाक्य मी रोज पहाटे उच्चारते. हा माझा दुटप्पीपणा आहे का? आणि ज्या माणसाविषयी मनात संताप भरला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी तरी कशी?

जुना वाचक :

अबोलीताई, थकलेल्या माणसाने एका रात्री फोन न उचलणे याला थकवाच म्हणावे. आपली खरी टोचणी फोनची नाही, त्या क्षणी तोंडी आलेल्या वाक्याची आहे, असे मला वाटते. 'आज माझ्याच्याने होत नाही' असे देवाला सांगून आपण झोपला असता, तर तीही प्रार्थनाच झाली असती, आणि बहुधा अधिक खरी.

शरणागतीचा विषय निघाला की मला गीतेतला एक क्रम आठवतो. मुळात तो प्रसंगच कुटुंबकलहाचा आहे. समोर आजोबा, गुरू, भाऊबंद उभे आहेत आणि अर्जुन धनुष्य टाकून बसला आहे. अठराव्या अध्यायात, सारे सांगून झाल्यावर, त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला जसे वाटेल तसे कर. 'मला एकट्याला शरण ये' हे प्रसिद्ध वचन त्यानंतर, सहासष्टाव्या श्लोकात येते. म्हणजे ज्याला शरण जायचे तोच निर्णय आधी आपल्या हातात ठेवतो. हा क्रम मी अनेक वर्षे वाचून सोडून दिला होता.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी, कारण तिथे माझा अनुभव आहे. घराच्या वाटणीवरून मी आणि माझे थोरले बंधू अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. त्या काळात मी रोज न चुकता प्रार्थना करत असे की त्याला सद्बुद्धी दे. ऐकायला हे किती चांगले वाटते! प्रत्यक्षात ती फिर्याद होती. फिर्यादी मी, आरोपी भाऊ, आणि देव हा असा न्यायाधीश की ज्याच्या हातात निकालपत्र मीच लिहून दिले होते.

पसायदान मला शाळेपासून पाठ होते. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या शेवटी ते येते. ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले आणि ज्यांचे आईवडील लहानपणीच गेले असे परंपरा सांगते, त्यांच्यातलाच एक तिथे देवाकडे मागणे मागतो. तो दुष्टांचा नाश मागत नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागतो. हे शब्द माझ्या थोरल्या भावालाही लागू होतात, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली.

मग मी सद्बुद्धी वगैरे सोडून दिले. त्याचे नाव घेऊन फक्त 'याचे बरे कर' म्हणू लागलो. खरे सांगतो, पहिले काही आठवडे दात आवळलेले असत आणि 'बरे' हा शब्द तोंडातून बाहेर पडत नसे. दोनेक महिन्यांनी एका सकाळी, काहीही कारण नसताना, ओढ्याला पाणी आले असताना त्याने मला खांद्यावर घेऊन शाळेत पोहोचवले होते ते आठवले. त्याचे ओले केस माझ्या मुठीत होते. घराची वाटणी शेवटी कोर्टातच झाली, आणि ती माझ्या मनासारखी झाली नाही. पण त्याच्या आजारपणात मी त्याच्या उशाशी जाऊन बसू शकलो.

स्पष्ट बोलतो :

प्रार्थनेतले मला फारसे कळत नाही, व्यसनातले कळते. माझे वडील पीत असत आणि आईने त्यांची देणी आपल्यासारखीच फेडली. प्रत्येक वेळी आम्हाला वाटे की आता डोक्यावरचे ओझे उतरले, हा माणूस सुधारेल. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्या पुढच्या बाटलीची सोय करत होतो. तेव्हा ताई, चौथे कर्ज फेडू नका.

दारूच्या आहारी गेलेल्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आणि त्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन १९५१ मध्ये. अल-अनॉनच्या बैठकीत माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला तीन गोष्टी सांगण्यात आल्या: हे व्यसन तू लावलेले नाहीस, ते तुझ्या ताब्यात नाही, आणि ते बरे करणे तुझ्या हातात नाही. ती घरी येऊन रडली आणि त्या रात्री बऱ्याच वर्षांनी स्वस्थ झोपली. आपण ज्याला देवावर सोपवणे म्हणता, ते बहुधा हेच असावे. जे आपले नव्हतेच ते खाली ठेवणे.

दोन गोष्टी मात्र कोणावरही सोपवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. त्यामुळे 'देवापुढे शपथ घे आणि आजपासून सोड' असे त्याला परस्पर सांगू नका, सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरे, तो भावजयीवर हात उचलत असेल तर तिला आणि मुले असतील तर त्यांना आधी सुरक्षित जागी हलवा. प्रार्थना तिथे पोहोचल्यावर करता येईल.

पाऊलवाट :

मी ख्रिस्ती घरातली आहे, त्यामुळे माझी उदाहरणे बायबलमधली आहेत. ती आपल्याला परकी वाटणार नाहीत अशी आशा आहे.

'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे वाक्य आमच्याकडे अगदी लहानपणापासून तोंडी बसते, आणि म्हणूनच ते फार स्वस्तात म्हटले जाते. येशूला पकडले त्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग नीट वाचला तर असे दिसते की त्याने आधी मागितले. हा प्याला, म्हणजे समोर उभे असलेले दुःख, माझ्यापासून दूर होऊ दे, असे त्याने अगदी उघडपणे म्हटले, आणि त्यानंतर 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असे म्हटले. मत्तयच्या शुभवर्तमानात तर तो त्या रात्री तीन वेळा प्रार्थनेला जातो, आणि त्याचे सोबती मात्र झोपलेले असतात. ज्याने मागितलेच नाही, त्याच्याजवळ सोपवण्यासारखे तरी काय असणार? आपण लिहिले आहे की मागणे हळूहळू थांबले. ते श्रद्धा वाढल्यामुळे थांबले, की भावाच्या बाबतीत नकार पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून, हे आपण स्वतःला एकदा विचारून पाहावे. मला माझ्या बाबतीत दुसरे उत्तर मिळाले होते.

रागही देवापुढे न्यावा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ते प्रार्थनेच्या ग्रंथात ठेवले गेले, याचा मला फार आधार वाटतो.

नातेवाइकांच्या बाबतीत आपला अजिबात दुटप्पीपणा नाही. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले. त्यांनी केलेले सगळ्यांत चांगले काम तेवढेच. मग त्यांनी तोंड उघडले, हे दुःख देवाने का दिले ते त्याला समजावून सांगायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. वाक्य तेच असले तरी म्हणणारा कोण, याला महत्त्व आहे. 'देवाची इच्छा' म्हणताना आपण आपल्या पदरचे देत असता आणि नातेवाईक दुसऱ्याच्या पदरचे देत असतात.

मध्यान्ह :

मी समुपदेशनाचे काम करते. एक निरीक्षण नोंदवते आणि थांबते.

धर्मश्रद्धा आणि संकटे यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये श्रद्धावान माणसांच्या अडचणी सोडवण्याच्या तीन पद्धती मांडल्या. काही जण सारे स्वतःच सोडवतात, काही जण सारे देवावर सोडून वाट पाहतात, तर काही जण देवाला सोबत घेऊन आपला वाटा उचलतात. यांतली तिसरी पद्धत बहुतेकदा माणसाला बळ देते. दुसरीही सरसकट वाईट नाही, जिथे आपल्या हातात खरोखरच काही उरलेले नसते तिथे ती आधार देते. घोटाळा होतो तो हातात काही असताना ती वापरल्यावर. आपल्या आईचेच पाहा. मेंदूला झालेली इजा किती भरून येईल हे आपल्या हातात नाही, मात्र फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम रोज करून घेणे हातात आहे. एकाच आजाराचे हे दोन भाग आहेत आणि प्रार्थनेला बसताना ते वेगळे करता आले, तर 'सोपवले' आणि 'झटकले' यांतली गल्लत बरीच कमी होते.

आणखी एक. 'यजमान गप्प असतात' असे आपण एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या गप्प असण्याचे कारण आपण त्यांना विचारले आहे का?

अबोली :

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते.

भावाला फोन करून सांगितले की यापुढे पैसे देणार नाही, पण डॉक्टरांकडे जायचे असेल तर बरोबर येईन. त्याने मला नको ते बोलून फोन ठेवला. भावजयीशी बोलले. मारहाण नाही असे ती म्हणाली, आणि तसे कधी झालेच तर वेळ-काळ न पाहता थेट माझ्या घरी यायचे, असे तिच्याकडून कबूल करून घेतले.

यजमानांना विचारणे मला सगळ्यांत जड गेले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू पहाटे उठतेस तेव्हा मी जागाच असतो. तू देवाला जे सांगतेस, ते मला कधी सांगत नाहीस." मी त्यांचे मौन भावावरच्या रागाचे समजत होते. आता सकाळचे आईचे व्यायाम ते करून घेतात. तिची बोटे एकेक करून उघडताना ते मोठ्याने आकडे मोजतात आणि ती त्यांच्याबरोबर मोजायचा प्रयत्न करते. सातवर नेहमी अडते.

पाऊलवाट, आपल्या प्रश्नाचे माझेही उत्तर दुसरेच निघाले. म्हणून मी पुन्हा मागायला लागले आहे. 'याचे बरे कर' म्हणून पाहिले. जुना वाचक काकांनी लिहिल्याप्रमाणे दात आवळलेलेच आहेत, आणि तीन दिवस तर नाव घेतल्यावर पुढे काही म्हणताच आले नाही.

परवा रात्री साडेअकराला भावाचा फोन आला आणि मी तो उचलला. तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. चार मिनिटांनी त्याने फोन ठेवला. मी गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे आणि तसा निरोप त्याला पाठवला आहे. निरोप त्याने वाचला आहे, उत्तर अजून आलेले नाही.