मदत हवी आहे : रोटर हबच्या बेअरिंगवरची रेघ कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. मी जुहूला डॉफिन हेलिकॉप्टरवर शिकाऊ तंत्रज्ञ आहे. मुख्य रोटरच्या स्टारफ्लेक्स हबमध्ये, म्हणजे वरच्या मोठ्या पंख्याची पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागात, प्रत्येक पात्याला एक गोलाकार बेअरिंग असतं, रबर आणि धातूचे थर एकावर एक चिकटवलेलं. काल त्यातल्या एकाच्या कडेला खोडरबराच्या चुऱ्यासारखे काळे कण दिसले. पुसले, तर खाली केसाएवढी रेघ! ही नुसती वरवरची झीज, की रबर धातूपासून सुटायला लागलंय, मला ठरवता येईना. सरांना लगेच दाखवलं. मॅन्युअलमधली मर्यादा ते बघतायत, तोवर मशीन जमिनीवरच आहे. पण मला स्वतःची नजर तयार करायचीय. तुम्ही आरसा आणि टॉर्च कुठल्या कोनात धरता? पातं हाताने हलवून रेघ उघडते का, हे पाहता का? समुद्रावर उडणाऱ्या मशीनवर काम केलेल्यांनी जरूर सांगा.