सिरियल नंबर जुळला म्हणजे गिटार अस्सल? मला नाही पटत

सहावी_तार

ऑनलाइन सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो : "हा सिरियल नंबर, ओरिजिनल आहे का सांगा." मग कोणीतरी नंबर तपासतं, वर्ष आणि कारखाना सांगतं, अभिनंदन करतं, आणि विषय मिटतो.

माझ्या मते नंबर जुळण्याला पुरावा म्हणून जवळपास काहीच किंमत नाही. डुप्लिकेट बनवणारा नंबर स्वतःच्या डोक्यातून कशाला काढेल? खऱ्या गिटारीच्या फोटोवरून उचलेल. कंपनीला विचारलं तरी ती एवढंच सांगू शकते की असा नंबर आम्ही अमुक साली एका गिटारीला दिला होता. ती गिटार म्हणजे तुमच्यासमोर आहे तीच, हे कंपनी कुठून सांगणार?

म्हणून माझा नियम : पैसे देण्याआधी आतले फोटो. मागचं झाकण उघडून वायरिंगचा, ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचं) कव्हर काढून आतल्या नटाचा, आणि नेक (बोटं दाबतो तो लांब दांडा) स्क्रूने बसवलेली असेल तर ती सोडवून तिच्या बुडाचा. विकणारा नाही म्हणाला तर सौदा सोडायचा. कोणाचं वेगळं मत असेल तर मांडा, पण "माझ्या मित्राने नंबर बघून घेतली आणि चांगली निघाली" हे मत नव्हे.

हंबकर_हंबीर

नंबर इतकाही टाकाऊ नाही. गिब्सन कंपनीचे 1977 ते 2005 या काळातले आठ आकडी नंबर घ्या. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 9 123 5 अशी सुरुवात असेल तर 1995 सालचा 123वा दिवस, म्हणजे 3 मे. आता मधले तीन आकडे 366च्या वर गेले तर कॅलेंडरच सांगतं की नंबर खोटा आहे. डुप्लिकेटवाले सगळे काही हुशार नसतात, बरेच जण इथेच सापडतात.

फेंडरचंही तसंच. ई म्हणजे ऐंशीचं दशक, एन नव्वदचं, झेड 2000 नंतरचं, पुढे 2010 पासून यूएस आणि मग सालाचे दोन आकडे. मेक्सिकोत बनलेल्यांना एमएन, एमझेड, एमएक्स. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावर) "मेड इन यूएसए" आणि नंबर एमझेडने सुरू, एवढ्यावरच गडी बाद.

सोल्डरचा_धूर

हंबीरराव, नियम बरोबर, पण अपवादच माणसाला बुडवतात. 1994 साली गिब्सनने शंभरीनिमित्त वेगळे नंबर दिले. सुरुवातीला 94 आणि पुढे सहा आकडे, बस. त्यातला एखादा तुमच्या सूत्रात घातलात तर 450वा दिवससुद्धा निघेल आणि तुम्ही अस्सल गिटार खोटी ठरवाल. फेंडरने 1990च्या काही गिटारींवर एन0 ऐवजी चुकून एन9 असे स्टिकर लावले. नंबर म्हणतो 1999, गिटार आहे 1990ची, आणि चूक खुद्द कंपनीची. त्याच्याही मागे गेलात तर आणखी घोळ : पन्नास-साठच्या दशकातले फेंडरचे नंबर नेकमागच्या पत्र्यावर असायचे आणि ते पत्रे क्रमाने बसवले जात नव्हते. गिब्सनने साठच्या दशकात तर एकच नंबर अनेक गिटारींवर मारला आहे.

म्हणजे नंबर जुळला तरी काही सिद्ध होत नाही या मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूने. आणि नाही जुळला तरी लगेच बोंब मारू नये, इथे मी हंबीररावांच्या विरुद्ध.

निवांत_गडी

मला एक कळत नाही. गिटार हातात घेतली, वाजवली, सूर लागतो, नेक सरळ आहे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेले नाहीत. मग हेडस्टॉकवर काय लिहिलंय याने कोणाच्या बापाचं काय जातं? लाकूड आणि तारा वाजतात, स्टिकर वाजत नाही. आतले फोटो, बुडाचे फोटो... गिटार घेताय की पंचनामा करताय?

सहावी_तार

@निवांत_गडी, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वाळा आवडला तर खुशाल घाला, पण मग कथलाचेच पैसे द्या. डुप्लिकेट विकणारा किंमत लाकडाची आणि तारांची लावत नाही, नावाची लावतो. "वाजते ना" हा मुद्दा तेव्हाच लागू पडतो जेव्हा गिटार तिच्या खऱ्या किमतीला मिळते. आणि उद्या तुम्हाला ती विकायची झाली तर काय सांगणार? माहीत असून ओरिजिनल म्हणून विकलीत तर फसवणारे तुम्ही.

निवांत_गडी

मी विकतच नाही. माझ्या घरात आलेली गिटार जात नाही.

पेंटॅटोनिक

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत, पण वेगळ्या कारणासाठी. तुमच्या नियमाने प्रामाणिक विकणारेच पळतील. जुन्या गिटारीची नेक अनेक वर्षांत सोडवलेली नसते. एका अनोळखी माणसाने मेसेजमध्ये सांगितलं म्हणून मी ती का सोडवू? स्क्रूची डोकी खराब झाली, पोकळीच्या कडेचं पॉलिश उडालं, तर भरपाई कोण देणार? मी विकणारा असतो तर असल्या गिऱ्हाइकाला उत्तरही दिलं नसतं. उलट ज्याचा धंदाच डुप्लिकेटचा आहे त्याच्याकडे दुसऱ्याच गिटारीचे सुंदर आतले फोटो तयार असतात.

त्यापेक्षा माणूस बघा. किती वर्षं विकतोय, परत घेण्याची अट काय आहे, पैसे मधल्या सुरक्षित व्यवस्थेतून जातात की थेट त्याच्या खात्यात. गिटारीपेक्षा विकणाऱ्याची पारख सोपी असते.

सोल्डरचा_धूर

पेंटॅटोनिक यांचा नेकचा मुद्दा मला पटतो. नेक सोडवायला सांगणं अति आहे, आणि सेट नेकच्या (नेक गोंदाने चिकटवलेल्या) गिटारीत ती सुटतही नाही. पण मागचं झाकण आणि ट्रस रॉडचं कव्हर हे साध्या स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे. त्याला नकार देणाऱ्याचं कारण नीट ऐकून घ्यावं, एवढंच म्हणेन.

आता गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलपुरतं बोलतो, कारण डुप्लिकेटांचा सुळसुळाट तिथे जास्त. ट्रस रॉडच्या घंटेच्या आकाराच्या कव्हरला गिब्सनचे दोन स्क्रू असतात, तीन दिसले तर थांबा. आत पितळेचा षटकोनी नट हवा. त्याजागी ॲलन कीचं भोक दिसलं तर बहुतेक खेळ खलास. तिरका हेडस्टॉक आणि नेक अमेरिकन गिब्सनमध्ये एकाच तुकड्यातून कापलेली असते, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना पट्ट्या चिकटवून रुंदी वाढवलेली असते. डुप्लिकेटमध्ये हेडस्टॉक वेगळा कापून तिरका जोडलेला सापडतो आणि मागून बारीक रेघ दिसते.

मात्र रेघ दिसली की उडी मारू नका. गिब्सनचे हेडस्टॉक मोडण्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि चिकटवलेल्या मोडीचीही रेघ दिसते. म्हणजे ती गिटार अस्सल असू शकते, फक्त मोडलेली, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं नाही. काळ्या प्रकाशाच्या (अतिनील) टॉर्चखाली जुनं नायट्रो फिनिश (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर) हिरवट चमकतं, नंतर मारलेलं वेगळं दिसतं, तिथे दुरुस्ती उघडी पडते. ॲसिटोनचा बोळा फिरवून फिनिश ओळखायचा सल्ला दिला जातो तो कृपया पाळू नका. नायट्रो असेल तर ते विरघळेल आणि तुम्ही सिद्ध कराल की गिटार अस्सल होती.

सत्तरच्या दशकातली गिब्सन असेल तर वरचं निम्मं विसरा. 1969 ते 1981 दरम्यान नेकच्या मागे, हेडस्टॉकखाली लाकडाचा उंचवटा ठेवायचे आणि पुढे मेपलच्या तीन पट्ट्या जोडून नेक करायचे. ते बघून "ही गिब्सन नाहीच" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

हंबकर_हंबीर

+१. यात पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाची) तारीख राहिली. पॉटच्या पाठीवर आकडे असतात. सुरुवातीला पॉट बनवणारी कंपनी, 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. 1377633 वाचायचं तर सीटीएस, 1976, 33वा आठवडा.

सोल्डरचा_धूर

आणि त्यावरून एवढंच कळतं की मूळचेच पॉट असतील तर गिटार *त्याआधीची* नाही. फेंडरने 1966 साली पॉटचा एवढा साठा भरला की 1969च्या गिटारींतही 1966चेच पॉट निघतात.

एक_नेक_दोन_बॉडी

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. "अस्सल" म्हणजे नक्की काय? माझी टेलिकास्टर (फेंडरचं मॉडेल) : नेक खरी फेंडरची, बॉडी दुसऱ्याने बनवलेली, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) तिसऱ्याचे. खोटी आहे का? स्क्रूने जोडलेल्या गिटारीची कल्पनाच सुटे भाग बदलता यावेत अशी होती. कारखान्यातही एका महिन्यात बनलेली नेक आणि दुसऱ्या महिन्यातली बॉडी एकत्र बसायची. मग मी घरी बसवली तर पाप झालं?

सहावी_तार

पाप काहीच नाही. विकताना "फेंडर टेलिकास्टर" एवढंच लिहिलं तर मात्र खोटं झालं. "फेंडर नेक, बाकी जोडकाम" लिहा, मी स्वतः घेईन. आणि परवाना घेऊन बनवलेल्या बिननावाच्या नेकवर फेंडरचं स्टिकर चिकटवणाऱ्यांना तुमच्यात धरू नका.

एक_नेक_दोन_बॉडी

अहो, पण मूळच्या गिटारीचेही कागद खरं बोलत नाहीत! गिब्सनच्या जुन्या पिकअपखाली "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं स्टिकर असायचं. पेटंट 1959 साली मिळालं, तरी ते स्टिकर पुढे चालूच राहिलं. नंतर नंबर छापला तो 2,737,842. तो पिकअपच्या पेटंटचा नव्हेच, गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवतात त्या भागाच्या) पेटंटचा आहे. आज त्या चुकीच्या नंबरावरून लोक अस्सलपणा ठरवतात. नक्कल करणाऱ्याने बरोबर नंबर छापला तर तो पकडला जाईल!

निवांत_गडी

😂 मी म्हणालो होतो, स्टिकर वाजत नाही.

पहिला_फ्रेट

नमस्कार, मी नवीन आहे. तुमची चर्चा वाचून विकणाऱ्याकडे फोटो मागितले आणि आता जास्तच गोंधळलो. लेस पॉल आहे. नंबर 94ने सुरू होतो, आठ आकडी, तो म्हणतो 1994ची. मागचं झाकण उघडून फोटो पाठवला, आत हिरवी सर्किटची पट्टी आहे आणि तिच्यावर पॉट बसवलेत. ओरिजिनल आहे का?

पेंटॅटोनिक

सर्किट बोर्ड? डुप्लिकेट. गिब्सनमध्ये वायरी हाताने सोल्डर केलेल्या असतात.

सोल्डरचा_धूर

घाई नको. 2008 पासून अमेरिकेत बनलेल्या कितीतरी अस्सल गिब्सनमध्ये बोर्डच आहे. बोर्ड दिसला म्हणजे डुप्लिकेट, ही नंबरसारखीच अंधश्रद्धा.

पण इथे गाठ वेगळीच आहे. 94चा नंबर 1994 साठी ठीक. बोर्ड 2008 नंतरच्या गिटारीसाठी ठीक. दोन्ही वेगवेगळे खरे असू शकतात, एकाच गिटारीत मात्र असू नयेत. कोणी नंतर बदललं असेल म्हणावं, तर लोक बोर्ड काढून जुन्या पद्धतीचं वायरिंग करून घेतात. उलटं करणारा विरळा. म्हणजे नंबर खोटा, किंवा फोटो दुसऱ्या गिटारीचा, किंवा सगळंच खोटं. एक-एक खूण तपासून हो-नाही म्हणण्यापेक्षा सगळ्या खुणा एकाच सालाकडे बोट दाखवतात का ते बघा.

आता दोन फोटो मागा. ट्रस रॉडचं कव्हर काढून एक. दुसऱ्यात मागची उघडी पोकळी, आणि शेजारी आजची तारीख व तुमचं नाव लिहिलेला कागद. हेडस्टॉकमागचा नंबर नीट दिसेल इतका जवळून घ्यायला सांगा : तो लाकडात दाबून उमटवलेला असतो, वरून छापलेला नव्हे.

पहिला_फ्रेट

विचारलं. तो म्हणतो, आता आणखी फोटो नाही, पण सात दिवसांत परत घेईन, तसं लिहून देतो.

सहावी_तार

सोडा.

पेंटॅटोनिक

फोटोवर माझा विश्वास नाही, पण लेखी परतीची अट आहे. पैसे मधल्या व्यवस्थेतून जाणार असतील तर मागवा, आल्या दिवशी स्वतः उघडा. पार्सल उघडण्यापासूनचा अखंड व्हिडिओ काढा, नाहीतर "माझी गिटार ही नव्हतीच" म्हणायला तो मोकळा. थेट खात्यात मागत असेल तर मीही सोडा म्हणेन.

सहावी_तार

आणि परतीचं भाडं? इलेक्ट्रिक गिटार पाकिटात जात नाही. वाटेत हेडस्टॉक मोडला तर मोडकी गिटार पदरात घेऊन बसायचं. कागदासोबत एक फोटो काढायला मिनिट लागत नाही. तेवढं न करणारा सात दिवसांनी परत घेईल यावर तुमचा विश्वास बसतो कसा?

पेंटॅटोनिक

तो माझ्यासारखा वैतागलेला प्रामाणिक माणूस असू शकतो म्हणून.

सोल्डरचा_धूर

प्रामाणिक माणसाच्या 1994च्या गिटारीत सर्किट बोर्ड कुठून आला, हे त्याने सांगितलेलं नाही. @पहिला_फ्रेट, फोटो राहू द्या, त्याला फक्त एवढं विचारा : वायरिंग कधी, कोणी बदललं? उत्तर आलं की इथे टाका.

पहिला_फ्रेट

विचारलं. मेसेज वाचल्याचं दिसतंय. जाहिरात काढून टाकली आहे.

निवांत_गडी

अरेरे. वाजवून तरी बघायची होती.