पाइपफेल लावल्यावर येणारा १४१

प्रश्न असा होता: बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) पाइपने जीझिपला (फाइल झिप करणाऱ्या कमांडला) जोडलाय; तो पडला तरी शेवटच्या जीझिपमुळे एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘यशस्वी’, मिळतो. म्हणून वर सगळ्यांनी ‘सेट -ओ पाइपफेल’ सुचवलंय, म्हणजे पाइपने जोडलेल्यांपैकी एकही कमांड पडली तरी अख्खी पाइपलाइन नापास. बरोबरच आहे. पण ते लावलं की काही चांगल्या पाइपलाइनीही नापास व्हायला लागतात. पुढे ‘हेड’ (पहिल्या काही ओळी दाखवणारी कमांड) किंवा ‘ग्रेप -क्यू’ (मजकूर सापडतो का एवढंच बघणारी) असेल तर हवं ते मिळताच ते वाचणं थांबवतात; मागची कमांड अजून लिहीत असेल तर तिला सिगपाइप (पुढे वाचणारं कोणी उरलं नाही असं सांगणारा सिग्नल, क्रमांक १३) बसतो आणि कोड येतो १४१, म्हणजे १२८ अधिक १३. ही चूक नव्हेच. त्यातून ही गंमत इनपुट मोठं असेल तेव्हाच दिसते. छोट्या फाइलवर चाचणी बिनबोभाट पास!

अशा ठिकाणी मी बॅश शेलचा ‘पाइपस्टेटस’ अ‍ॅरे तपासतो; त्यात पाइपलाइनमधल्या प्रत्येक कमांडचा कोड वेगळा मिळतो. मात्र तो लगेच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. मध्ये साधा ‘एको’ केलात तरी आधीचे कोड गेले. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये हेच नाव स्मॉल लिपीत आणि अ‍ॅरेची मोजणी १ पासून.

आणखी एक: पाइपफेल फक्त कोड देतो, अर्धवट झिप फाइल तशीच पडून राहते. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, कोड शून्य आला तरच ‘एमव्ही’ने खरं नाव द्या.