अनुभव धागा: पाणी थांबण्याआधी टाकलेले पाऊल

धाग्याची सुरुवात, बेळगाव

मोशेच्या वेळी तांबडा समुद्र आधी दुभंगला आणि मग लोक चालले. यार्देनेपाशी मात्र उलटे घडले. कापणीच्या दिवसांत नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात पडेपर्यंत ते पाणी थांबले नाही. गेल्या रविवारच्या उपासनेत यहोशवाचा हा तिसरा अध्याय वाचला गेला, आणि आपल्यापैकी कोणी असे आधी पाय भिजवले आहेत का, हा प्रश्न मनातून जाईना. ज्यांनी भिजवले असतील त्यांनी लिहावे, ही विनंती. शेवट चांगला झाला नसेल तरीही लिहावे. माणसांची आणि संस्थांची नावे मात्र कृपया टाळावीत.

निपाणीहून

मी तंबाखूच्या एका वखारीत मुनीम होतो. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढले की ओलीपोटी काही कडता, म्हणजे वजनातील घट, धरला जातो, हे बाजारात सर्वांना ठाऊक असते. पण आमच्याकडे ठरल्याहून एक किलो जास्त धरला जाई आणि तो आकडा वहीत माझ्या हाताने उतरत असे. अकरा महिने मी तो लिहिला. घरी रात्री बायबल वाचायचे आणि सकाळी पेन उघडून तो एक किलो लिहायचा, असा तो काळ होता. एके दिवशी आमच्याच गल्लीतील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे पोते आले. काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते, चुकून स्पर्श होऊन आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. ते पाहिल्यावर माझ्याने पेन चालेना. मालकांना म्हणालो, ‘यापुढे खरे वजनच लिहीन.’ त्यांनी शांतपणे दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगितले.

येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. माझ्याकडे तेवढे काही नव्हते. ज्यांची नावे आठवली त्या तीन शेतकऱ्यांच्या घरी मात्र जाऊन सांगितले. दोघांनी चहा दिला, तिसऱ्याने दार लावून घेतले. पुढचे सात महिने शिकवण्या घेऊन घर चालले. हे मी धैर्य म्हणून लिहीत नाही, कारण त्या तिसऱ्या दारापाशी उभा असताना माझे पाय खरोखरच कापत होते.

सदलग्याजवळून

माझा अनुभव घरातलाच आहे. बांधावरून झालेल्या वादानंतर मोठ्या जाऊबाईंशी आमचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, हे प्रभूचे शब्द मी कितीतरी वेळा ऐकले होते आणि ते आपल्याला लागू नाहीत, कारण चूक त्यांची आहे, असे मानून सोडून दिले होते. ऑगस्ट 2019 मध्ये दूधगंगेचे पाणी गल्लीत शिरले, तेव्हा त्यांचे घर खाली आणि आमचे चढावर होते. मी गुडघाभर पाण्यातून गेले आणि एवढेच म्हणाले, ‘आक्का, चला.’ त्यांनी आधी पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि मग त्या निघाल्या. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. बोलणे मात्र सुरू आहे.

खानापूरहून

माझ्या अनुभवाला गोड शेवट नाही. पत्नीच्या आजारपणात आम्ही विश्वासाने प्रार्थना केली आणि उपचारही शेवटपर्यंत केले. विश्वास असेल तर औषधे बंद करा, असे एका पाहुण्यांनी सुचवले होते. ते मी ऐकले नाही आणि आजही मला तो विश्वासाचा अभाव वाटत नाही. ती गेली. दानिएलाच्या पुस्तकात मूर्तीपुढे नमा, नाहीतर आगीच्या भट्टीत टाकू, अशी धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने तसे केले नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. त्यातील ‘नाही तरी’ हे दोन शब्द मला पूर्वी कधी दिसलेच नव्हते. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी देवळात जाणे हे माझ्या आयुष्यातील सर्वांत अवघड आज्ञापालन होते. मी मागच्या बाकावर बसलो आणि एकही गीत गाऊ शकलो नाही.

निवृत्त शिक्षिका, बेळगाव

खानापूरच्या भाऊंचे वाचून पंडिता रमाबाई आठवल्या. बायबलचे मूळ भाषांतून मराठीत भाषांतर करण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते काम चालू असताना 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, त्या स्वतः गेल्या. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते भाषांतर सोडले नाही. भाऊ, गीत गाता आले नाही याची खंत बाळगू नका. त्या दिवशी तुम्ही बाकावर होता.

गोकाकहून, विद्यार्थी

माझे फारसे मोठे नाही. आमची चर्चची मंडळी कन्नड आहे आणि मी घरी मराठी बोलतो. भाषेवरून वातावरण तापलेले असताना पाळकांनी मला यशयाचा एक्केचाळिसावा अध्याय कन्नडमध्ये वाचायला सांगितले. उच्चार चुकला तर हसतील, आणि मित्रांना कळले तर ते वेगळेच काही म्हणतील, अशी दुहेरी भीती होती. दहाव्या वचनात ‘हेदरबेड’ हा शब्द आला, म्हणजे आपले ‘भिऊ नको’, आणि नेमका तिथेच मी अडखळलो. पहिल्या रांगेतील आजींनी तो शब्द हळूच पुढे सांगितला.

धाग्याची सुरुवात, बेळगाव

निपाणीच्या भाऊंना एक विचारावेसे वाटते. नोकरी सुटल्याचे घरी सांगितले तेव्हा वहिनी काय म्हणाल्या?

निपाणीहून

जेवण होईपर्यंत ती काहीच बोलली नाही. नंतर तिने किराणा दुकानाची उधारीची वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘ही बेरीज एकदा तपासा. मला दर महिन्याला दोन-चार रुपये कमीच लागलेले दिसतात.’ बेरीज खरोखर चुकलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानदाराला अठ्ठावीस रुपये देऊन आलो.